बाबांची पोर्तुगीज

जानेवारी २०२१. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका हॉस्पिटलात मी कोविड वॉर्डवर डॉक्टर होते. गावातल्या मीट फॅक्टरीत ब्राझीलची माणसं कामाला, एकेका घरात आठ-दहा राहायची. एकाला झाला की सगळ्यांना. फॅक्टरीत पोर्तुगीज, घरी पोर्तुगीज, इंग्रजी शिकायला त्यांना सवड कुठली? वॉर्डात बाकी सगळ्या भाषा होत्या. पाट्यांवर आयरिश, एक नर्स म्हाताऱ्या पेशंटांशी ती बोलायचीसुद्धा. केरळच्या नर्सेसची मल्याळम. मनातल्या मनात शिव्या द्यायला माझी मराठी. पोर्तुगीज तेवढी कुणालाच येत नव्हती.

फॅक्टरीतली एक पन्नाशीची बाई दाखल होती. त्या दुपारी तिचा ऑक्सिजन भराभर उतरायला लागला. तिला गुंगी देऊन व्हेंटिलेटरवर घ्यायचं होतं, आणि त्याआधी एक गोष्ट तिला कळायलाच हवी होती: ब्राझीलमधल्या मुलीशी आत्ता बोलून घे, पुन्हा बोलता येईल याची खात्री नाही. दुभाष्यांच्या लाइनवर वीस मिनिटं नुसतं संगीत वाजत होतं. माझं डोकं फिरलं. नियम बसवले धाब्यावर आणि गोव्यात फोंड्याला बाबांना फोन लावला. बाबा पोर्तुगीज अमदानीत शाळेत गेलेले. मास्तरांच्या छड्या खाऊन शिकलेली ती भाषा साठ वर्षं तशीच पडून होती.

फोन स्पीकरवर टाकला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कानाशी धरला. मी चार वाक्यं सांगितली, बाबा चाचपडत दोनच बोलले. बाई चक्क हसली आणि माझा हात थोपटला.

"सगळं सांगितलंत ना, बाबा?"

"सांगितलं गो. काही विसरलो नाही मी."

एवढं ऐकून कुणी हसतं का? मरणाच्या दारातल्या माणसाला आपल्याकडे तोंडावर कुणी काही सांगत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण भूल देणारे डॉक्टर घाई करत होते, आणि खरं सांगायचं तर पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने मुलीला फोन केला नाही. मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि तयार आहे म्हणून मान हलवली.

अकराव्या दिवशी ती गेली.

मुलीला कळवायच्या वेळी दुभाषी बाई लगेच मिळाली, नशीबच म्हणायचं. मुलगी रडली नाही. तिने आईचा शेवटचा मेसेज वाचला आणि दुभाषीने तो मला सपाट आवाजात सांगितला. तू कामावर असशील, आत्ता त्रास देत नाही. इथल्या डॉक्टरबाईंचे वडील म्हणाले, दोन दिवस झोप काढा, मग मुलीशी निवांत बोला.

मुलीने विचारलं, हे वडील कोण? मी सांगितलं. माफी मागितली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाबांचा असा संताप आला होता की घरी येऊन अंगातलं जॅकेटही न काढता फोन लावला. आज सोडायचं नाही त्यांना, असं ठरवूनच. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"रोज विचारीन म्हणतो आणि राहून जातं. ती बाई कशी आहे गो? बोलली मुलीशी?"

"बोलली," मी म्हटलं. "खूप वेळ बोलली."