टांगानिकाहून परत आलेला गडवा

नागपुरात, महाल भागात, आमच्या गल्लीत यमुताई राहतात. साड्यांना फॉल लावून त्यांनी मुलाला, गौरांगला, इंजिनिअर केलं. नवरा केशव सदरला एका ऑफिसात कारकून होता आणि माझा मित्र होता. मला लिहिण्याची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

केशव गेला तेव्हा गौरांग आफ्रिकेत होता, बुजुंबुरा नावाच्या शहरात. कंपनीनं सुट्टी दिली नाही म्हणाला. अग्नी पुतण्यानं, सुशीलनं दिला. दहाव्याला रामटेकच्या अंबाळा तलावात अस्थी त्यानंच सोडल्या. यमुताईंनी मात्र मूठभर अस्थी मागे ठेवून घेतल्या होत्या.

"पुतण्यानं केलं ते झालं, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "पन पोराच्या हातचं राह्यलं ना."

अस्थी घरात आणत नाहीत. तांब्याच्या छोट्या गडव्याला पांढरं फडकं बांधून त्यांनी तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाला टांगला. आठ महिने गौरांग येतो येतो म्हणत राहिला. शेवटी त्याच्या शहराला लागूनच मोठा तलाव आहे असं कळलं, तेव्हा यमुताईच निघाल्या. विमानतळावर पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मृत्यूचा दाखला पुढे करून म्हणाल्या, "माझा नवरा आहे."

तिथे गौरांगला कंपनीचा बंगला होता, टेकडीवर. गडवा त्यांनी आवारातल्या आंब्याला टांगला. खाली टांगानिका तलाव दिसायचा. "पल्याडचा काठ म्हंजे दुसरा देश, भाऊजी. आपला फुटाळा, अंबाझरी सगळं त्याच्या एका कोपऱ्यात मावंल."

गौरांग रोज म्हणे, रविवारी जाऊ. रविवारी काही ना काही निघे. सून भैरवी एकदा म्हणाली, "आई, पाहुणे येतात, झाडाला काय आहे विचारतात."

"सांग, सासरा आहे."

निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या लोकांचं तलावाकाठच्या हॉटेलात जेवण होतं. वाळूत खुर्च्या टाकलेल्या, मासे तळून राहिले होते. यमुताईंनी पिशवीत गडवा नेला होता. गौरांग पाण्याजवळ एकटा उभा दिसला, तेव्हा त्या त्याच्यापाशी गेल्या. तो फोनवर बोलत होता. बोलणं संपेपर्यंत थांबल्या.

"चाल बेटा, पायातले काढ."

"आत्ता? आई, साहेब लोक बसून आहेत."

"बसू दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"पाण्यात उतरता येत नाही इथे. पाणघोडे आहेत."

त्याचीच मुलगी प्रीती गुडघाभर पाण्यात खेळत होती. यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

गौरांगनं हात पुढे केला. "दे बरं. ड्रायव्हरजवळ देतो. तो उद्या होडीनं आत जाऊन सोडेल, तुझ्या समाधानासाठी."

"ड्रायव्हरच पाह्यजे होता त एवढ्या दूर काहून येऊ? नागपुरात काय ड्रायव्हर कमी आहेत?"

त्यांनी पिशवीचा बंद आवळला आणि साहेबांच्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या म्हणाल्या. चांगल्या होत्या.

परत आल्यावर गल्लीतल्या प्रेमिलानं विचारलं, "झालं का वं, ताई?"

"झालं. पोरगा गळ्याएवढ्या पाण्यात गेला."

प्रीतीनं काढलेला एक फोटोही त्यांनी दाखवला. समोर समुद्रासारखं पाणी, काठावर पाठमोरा गौरांग, मान जराशी झुकलेली. फोन धरलेला हात दिसत नाही. बायका म्हणाल्या, असा मुलगा नशिबानं मिळतो.

खरं मला कळलं ते त्यांना रामटेकला सोबत पाहिजे होती म्हणून. आम्ही बसनं गेलो. अंबाळ्याच्या घाटावर भटजींनी मला विचारलं, "आपण कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

"मुलगा नाही का यांना?"

मी तोंड उघडणार, तोच यमुताई म्हणाल्या, "नाही."

फडक्याची गाठ सुटेना. ती त्यांनी दातांनी सोडली आणि पायऱ्या उतरून गडवा स्वतःच्या हातानं पाण्यात उलटा केला. मग तो घासला, विसळला आणि तिथेच एका भिकारणीला देऊन टाकला.

येताना बसमध्ये त्यांनी रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "सदरले गेले त तो फोटो मोठा करून आणा, भाऊजी."

मी आणून दिला. तो आता त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा-जाणारा गौरांगचं नाव काढतो. त्या चहा ठेवायला आत जातात.