वॉर्मर, कूलर आणि मी बाप झालो ती दुपार

मी वॉर्मरखाली उताणा पडलो होतो. तोंडात टॉर्च, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात मल्टिमीटरची पिन. आणि भिंतीपलीकडून माझी बायको माझ्या नावानं ओरडत होती.

"मल्ल्याऽऽ!"

लग्न झाल्यापासून 'अहो' सोडून दुसरी हाक तिच्या तोंडून मी ऐकलेली नव्हती. त्या दुपारी मात्र अख्ख्या नर्सिंग होमला कळलं की मल्लिनाथ नावाच्या कुणा माणसाचं काहीतरी लई चुकलेलं आहे. कॉरिडॉरमधल्या बायका कोण हा मल्ल्या म्हणून दारातून डोकावून गेल्या. माझे फक्त बूट बाहेर दिसत असणार, एवढंच मला समाधान होतं.

आधी माझं काम सांगतो. मी बायोमेडिकल सर्व्हिस इंजिनिअर. म्हणजे दवाखान्यातलं मशीन बंद पडलं की डॉक्टर ज्याच्यावर ओरडतात तो माणूस. मोटरसायकलवर बॅग टाकायची आणि अक्कलकोटपासून पार उजनीच्या काठापर्यंत फिरायचं. आमच्या कंपनीचं मुख्य मशीन बेबी वॉर्मर. एक छोटा पलंग आणि त्याच्यावर छत्रीसारखा धरलेला हीटर. बाळ आईच्या पोटातून ओलं येतं, अंगावर मांस नाही, त्यामुळं बाहेरची हवा त्याला थंडच लागते. म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याला या उबेखाली ठेवतात. पोटावर नाण्याएवढी एक चकती चिकटवतात, तिला प्रोब म्हणायचं. बाळ किती गरम आहे ते प्रोब मशीनला सांगतो आणि मशीन हीटर कमी-जास्त करतं. एवढं सोपं आहे. सोपं असूनही बिघडतं, म्हणून माझं पोट चालतं.

त्या दिवशी मी कामावर नव्हतोच. शिवलीला, म्हणजे माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, कुंभारीला. सकाळी कळा सुरू झाल्या तसं सासू-सासऱ्यांनी तिला टेम्पोतून सोलापुरात आणलं. मला फोन आला तेव्हा मी एका दवाखान्यात मशीन उघडून बसलो होतो. ते तसंच बंद केलं, बॅग पाठीला मारली आणि आलो. अंगात कंपनीचा शर्ट, खिशात टेस्टर. बाप व्हायला निघालेला माणूस असा दिसत नाही, पण कपडे बदलायचं सुचलंच नाही.

पेढे आधी घ्यावेत की नंतर, या विचारात मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात जमादार सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं नाही, खिशावरच्या कंपनीच्या नावाकडं बघितलं.

"बरं झालं आलात. एक वॉर्मर तापंना झालाय."

"सिस्टर, मी आज पेशंटचा नवरा म्हणून आलोय."

"मग दोन्ही करा की. नवऱ्याला हितं दुसरं काय काम असतंय?"

मला हसू आलं. पण मागोमाग डॉक्टर मॅडम आल्या आणि माझं हसू गेलं. त्या आमच्या जुन्या कस्टमर, मला नावानं ओळखतात.

"मल्लिनाथ, सरळ सांगते. वॉर्मर दोन आहेत. एकावर कालचं बाळ आहे, त्याला हलवता येत नाही. दुसरा सकाळी चालत होता, आता हीट होत नाही. शिवलीलाच्या बाळाचे ठोके मधूनमधून कमी होतायत. बहुतेक सगळं नीट होईल. पण बाहेर आल्यावर बाळाला श्वासाला मदत लागली, तर ते काम मला उबेत करावं लागेल. मला तो वॉर्मर पाहिजे."

"किती वेळ आहे, मॅडम?"

"ते मला नको विचारू. तुझ्या बाळाला विचार."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण हातात काम होतं, ते बरं झालं. लेबर रूमला लागून एक बारकी खोली आहे, तिथं वॉर्मर उभा. मी गेलो. डिस्प्ले चालू, आकडे दिसतायत, वरचा दिवा लागलेला. हीटर थंडगार. मॅन्युअल मोडवर टाकून फुल केला. म्हणजे प्रोबचं न ऐकता नुसता ताप, असं मशीनला सांगितलं. क्षणभर वाटलं तापतोय. लगेच मशीन किंचाळलं आणि हीटर बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दिवा लावायला तयार, कष्टाचं काम सांगितलं की बसकण.

मशीनच्या मागचा स्विच बंद केला आणि खाली शिरलो. पहिला संशय कॉइलवर. कॉइल म्हणजे हीटरची तार, ती तुटली की काम खलास. मीटर लावला, तो 'टीं' वाजला. कॉइल ठणठणीत. मग संशय कार्डावर. कार्ड म्हणजे मशीनचा मेंदू. बॅगेत स्पेअर होतं, ते बसवलं. घाईत एक स्क्रू कपाटाखाली गेला आणि दुसरा माझ्या कॉलरमधून आत पाठीवर. स्विच चालू केला. डिस्प्ले हसला. हीटर थंड.

"मल्ल्याऽऽ! कुटं मेला!"

"हितंच आहे गं!" मी टॉर्चसकट ओरडलो. ते तिला काय कळलं असेल देव जाणे.

दारातून सासूबाईंनी डोकं आत घातलं. त्या घरात कानडी, माझ्याशी मराठी आणि घाबरल्या की दोन्ही मिसळून बोलतात.

"जावईबापू, न्हाय का तापत?"

"नाही तापत."

"मग एवढा जीव कशाला काढताय? लेकराला गच्चीवर न्या की. पाच मिन्टात शेकून निघंल."

चूक काय होतं त्यांचं? एप्रिल चालू होता. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. अख्खं सोलापूर सावली शोधत होतं आणि मी एकटा शहाणा जमिनीवर लोळून ऊब शोधत होतो. मला जे हसू फुटलं ते थांबेचना. भीती, आनंद, उकाडा, सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. हसता हसता डोळे पुसले आणि पुण्याला आमच्या सरांना फोन लावला. सर म्हणजे सर्व्हिस हेड. त्यांच्याकडं सगळ्यावर उत्तर असतं.

"सर, वॉर्मर हीट होत नाही. कॉइल ओके, कार्ड बदललं, तरी तेच."

"साइट कुठली?"

"सर, साइट माझीच आहे."

"म्हणजे?"

"आत माझी बायको आहे, सर. बाळ यायला लागलंय. याच वॉर्मरवर यायचंय."

सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "मल्लिनाथ, प्लग बघितला का?"

हे तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात कुणाचाही फोन आला, की पहिला प्रश्न हाच. मशीन चालत नाही? प्लग बघा. भल्याभल्या डॉक्टरांना मी हा प्रश्न विचारलाय आणि प्रत्येकाचा आवाज चढलेला ऐकलाय. 'मी काय लहान आहे का?' असं ते म्हणतात आणि मी मनात हसतो. आज सरांनी मला विचारलं आणि माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

"सर, एवढी वर्षं झाली मला! डिस्प्ले चालू आहे! सप्लाय असल्याशिवाय डिस्प्ले लागेल का?"

"बाळा, मी काय विचारलं?"

"मागं केबल घट्ट आहे, सर."

"मशीनकडचं टोक नको सांगू. भिंतीकडचं टोक बघ."

मी रागानंच निघालो. केबल धरून रांगत गेलो. टेबलाखालून, कपाटामागून, आणि केबल जिथं संपली तिथं भिंतीवरचा मोठा पॉइंट नव्हता. एक घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड खिळ्याला टांगला होता. त्याच्यातून हिरवी-लाल पीळ मारलेली बारीक वायर निघाली होती, मधे निळ्या टेपचा जोड, आणि पुढं कोपऱ्यातला साधा पंख्याचा पॉइंट. मी जोडावर बोट ठेवलं आणि झटक्यात मागं घेतलं. त्या खोलीतली सगळ्यात गरम वस्तू तो जोड होता.

मग मोठ्या पॉइंटमध्ये काय होतं? तिथं एक पांढरा प्लग होता. त्याची केबल दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये गेली होती. तिच्या मागं मीही गेलो. रांगतच. केबल संपली तिथं एक भलामोठा कूलर घोंघावत होता आणि त्याच्यापुढं पाय सोडून, टोपी मांडीवर ठेवून, माझे सासरे बसले होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांची कुंभारीला शेती आहे. मोटारीचा स्टार्टर ते स्वतः खोलतात, त्यामुळं विजेतलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत आहे. लेकीला उकडू नये म्हणून त्यांनी घरचा कूलर टेम्पोत घालून आणला होता. आमच्याकडं पेशंटबरोबर पंखा, कूलर, स्टोव्ह, सगळं येतं. फक्त घर तेवढं मागं राहतं.

"मामा, आतली पिन कुणी काढली?"

"कुठली? त्या दिव्याची व्हय? मीच की. खोली मोकळी हुती सकाळी." मामांना अभिमानच वाटत होता. "कूलर जड हाय, त्याला मोठा पॉइंट लागतो. दिव्याला काय, बारकी वायर पुरती. बंद न्हाय केला हां मी. चालूच ठेवलाय."

"मामा, तो दिवा नाही!"

"आणि वायर साधी समजू नका. तुमच्या लग्नात मांडवाला लायटिंग हिच्यावरच हुतं. एक दिवा गेला न्हाय."

वॉर्मरचा डिस्प्ले चालायला वीज लागते चिमूटभर. हीटरला लागते पोतंभर. बारीक वायरीतून आणि त्या टेपच्या जोडातून पोतं येणार कसं? हीटरनं ओढायला सुरुवात केली की व्होल्टेज बसायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला हीटर बंद करायचं. मशीन बिचारं बरोबर वागत होतं. कॉइल चांगली, जुनं कार्ड चांगलं, सगळं चांगलं. माझ्याच लग्नाची वायर माझ्याच बाळाच्या आड आली होती.

मी कूलरचा प्लग उपटला. कॉरिडॉरमधून बायकांचा गलका उठला. "अवं, कूलर का बंद केला?" मी आत पळालो, वॉर्मरचा प्लग मोठ्या पॉइंटमध्ये घातला, स्विच टाकला. फुल केलं. एक क्षण, दोन क्षण. आणि वरची हीटरची नळी हळूहळू लाल व्हायला लागली.

"तापला! मॅडम, तापला! तापला ओ!" मी अक्षरशः नाचलो. बाहेर सासूबाईंनी कानडीत देवाचं नाव घेतलं.

"नाच नंतर. भिंतीला लागून उभा राहा," आतून मॅडमचा आवाज आला. "बाळ आलं."

आणि जमादार सिस्टर हिरव्या कापडात काहीतरी घेऊन आत आल्या, ते माझ्या हीटरखाली ठेवलं. निळसर, ओलं, गप्प. एवढंसं. मॅडम मागोमाग आल्या. सिस्टर पुसत होत्या, पाठ चोळत होत्या. मॅडमनी बारीक नळीनं तोंड साफ केलं. मी भिंतीला चिकटून उभा, हातात स्क्रूड्रायव्हर. कित्येक वर्षं मी ही मशीनं दुरुस्त केली, पण त्याच्यावर बाळ ठेवलं जातं तेव्हा कधीच खोलीत नव्हतो. माझी सही झाली की मी निघायचो. मशीन कशासाठी आहे ते मला त्या क्षणी कळलं. 'रड की रे,' मी मनात म्हणत होतो, 'रड की, माझ्या राजा, काहीतरी बोल.'

मॅडमनी तळपायावर टिचकी मारली.

आणि जो टाहो फुटला! माझ्या कानात अजून आहे. निळं अंग बघता बघता गुलाबी झालं. सिस्टर म्हणाल्या, "मुलगी!" दारातून सासूबाई ओरडल्या, "हेण्णु कूसु! मुलगी झाली ओ!" मला काय करावं तेच कळेना. मॅडमना हात जोडले, सिस्टरना सलाम केला, आणि शेवटी बाजूच्या ऑक्सिजन सिलिंडरला कडकडून मिठी मारली. तो थंड होता, बरं वाटलं.

सिस्टरनी तिच्या पोटावर प्रोब चिकटवला. मी डोळे पुसतोय, तोच मशीन किंचाळलं. अलार्म!

मी धाडदिशी जमिनीवर. टॉर्च तोंडात, कव्हरचा स्क्रू अर्धा ढिला. जोड तुटला? कार्ड गेलं? व्होल्टेज?

"अहो इंजिनिअरसाब, उठा," सिस्टर हसत होत्या. "वर या. तिचा पाय बघा."

उठून बघितलं. बाईसाहेबांनी लाथ मारून प्रोब उडवला होता. वायर पायाच्या बोटात अडकली होती आणि प्रोब गादीवर पडला होता. मशीन प्रामाणिकपणे सांगत होतं की बाळ सापडत नाही. सिस्टरनी तो परत चिकटवला. तिनं परत लाथ उगारली.

थोड्या वेळानं मला शिवलीलाकडं जाऊ दिलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे थकलेले. मला बघून म्हणाली, "अहो."

परत 'अहो' झालो होतो. तेवढ्यावरच मला रडू कोसळलं.

"रडताय काय? शर्टाला काळं काय लागलंय? आणि तापला का तो तुमचा वॉर्मर?"

"तापला."

"आता तरी बसा जरा."

मी तिचा हात धरून बसलो. आयुष्यात एवढा आनंद एका दुपारी मावतो हे मला माहीत नव्हतं. पाठीवरचा स्क्रू तेवढा टोचत होता. सरांचा फोन आला.

"काय झालं?"

"मुलगी, सर! एकदम फर्स्ट क्लास!"

"अभिनंदन रे! आणि फॉल्ट काय निघाला?"

"यूजर एरर, सर." मशीन ठीक आणि वापरणारा चुकला, तर आमच्या रिपोर्टात असं लिहितात.

"यूजर कोण?"

"दोन आहेत, सर. एक माझे सासरे. दुसरीचं अजून नाव ठेवायचंय."

तेव्हापासून एक बदल झालाय. कस्टमरला प्लग बघायला सांगताना मी आता मनात हसत नाही. आवाज हळू ठेवतो आणि 'भिंतीकडचं टोक' असं न चुकता सांगतो. पलीकडं फोन धरणाऱ्या माणसाचं कोण आत आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

बारसं कुंभारीला झालं. मामांनी नातीसाठी सगळ्या घराला लायटिंग केलं. हिरवी-लाल पीळ मारलेली वायर, मधे निळी टेप. माझ्याकडं बघून म्हणाले, "एक दिवा गेला न्हाय बघा." मी मान डोलावली. मग पोरीला हातांवर घेतलं आणि तिला प्लग कुठं आहे ते दाखवून आणलं.