शेरा : समक्ष

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी शनिवारी चहाबरोबर वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते. 'पाठीमागे कुणीतरी उभं होतं' वगैरे... अहो, मग वळून बघायचं ना! मी न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला एका लॅबमध्ये दुधातले जंतू मोजते. दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढ्यावर माझा पगार चालतो. त्यामुळे मीच हे लिहायला बसलेय, याची मला जरा लाजच वाटतेय.

झालं असं. आई गेल्यावर बाबा पुण्यात एकटे होते. एक दिवस बाथरूममध्ये पडले आणि कामवाली येईपर्यंत चार तास तसेच पडून राहिले. फोनवर मला काय सांगितलं, तर "काही नाही गं, जरा घसरलो." मी गेले, त्यांना घेऊन आले आणि ठरवलं, आता परत पाठवायचं नाही. म्हणजे रेसिडेन्सी, म्हणजे कागद. व्हिजिटर व्हिसा संपायला सहा आठवडे होते. जन्माचा दाखला सोडून सगळं तयार होतं.

बाबांचा शाळेचा दाखला, पासपोर्ट, वीज खात्याची पेन्शन, सगळं 'मधुकर' या नावाने आणि एकाच जन्मतारखेने. मला वाटलं, आठवड्याचं काम. माझा आतेभाऊ नितीन साताऱ्याला असतो, तो गावी जाऊन आला आणि त्याचा फोन आला.

"ताई, मामांचा दाखला मिळत नाहीये."

"नोंद सापडत नाही का?"

"सापडली की! नाव बरोबर, तारीख बरोबर. पण पुढे लाल शाईने 'मयत' लिहिलंय. मामा वर्षाचे असताना वारलेत."

मामा तेव्हा माझ्यासमोर बसून टोस्टला लोणचं लावत होते.

नितीन चिकट माणूस. त्याने पुढची पानं चाळली. मधुकर गेल्यावर वर्षभराने त्याच घरात मुलगा झाल्याची नोंद होती, नाव दगडू. जुन्या लोकांना हे सांगायला नको. आधीचं मूल गेलं की पुढच्याला दगडू, धोंडू, भिकू म्हणायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, शाळेत जाईपर्यंत मी दगडूच होतो. मधुकर हे शाळेतलं नाव." आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. थोडक्यात, बाबा आयुष्यभर मेलेल्या भावाच्या कागदांवर जगले आणि त्यापायी दोन वर्षं आधी रिटायरसुद्धा झाले.

इथल्या आमच्या इमिग्रेशन अॅडव्हायझरला याचं काही नवल वाटलं नाही. इंडियन फाइल्समध्ये हे हीप्स, म्हणजे ढिगाने असतं म्हणाली. दगडूचा दाखला काढा आणि 'दगडू आणि मधुकर ही एकाच व्यक्तीची नावं आहेत' असं बाबांकडून शपथेवर लिहून घ्या, की झालं. आणि जास्त खोलात जाऊ नका, उगाच शंका येतील.

खोलात गेला तो नितीन. शाळेच्या कपाटात त्याला जुन्या खानेसुमारीच्या वेळची गावाची यादी मिळाली. गुरुजींनी घरोघर फिरून केलेली, सुंदर मोडीवळणाचं अक्षर. आमच्या घरात आजोबा, आजी, तान्ही मुलगी (म्हणजे नितीनची आई) आणि दोन मुलगे. मधुकर, वय आठ. दगडू, वय सहा.

मी म्हटलं, आजीने सांगितलं असेल. बाईचं पहिलं मूल, मोजल्याशिवाय राहवलं नसेल. पण यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता आणि गुरुजी काटेकोर होते. आजोबांपुढे 'शेतावर, पत्नीने सांगितले.' शेजारच्या एका पोरापुढे 'परगावी, आजीने सांगितले.' आणि आमच्या दोन्ही मुलांपुढे 'समक्ष.'

मग माझ्यातली लॅबवाली जागी झाली. गुरुजींनी जुनी यादी उतरवली असेल? पण आत्या तर मधुकर गेल्यावर सहा वर्षांनी जन्मली आणि ती यादीत आहे. गुरुजी त्याला आधीपासून ओळखत असतील? शाळाच त्या वर्षी सुरू झाली होती, गुरुजी कोकणातून नवे आलेले. शेजारचं पोर आमच्यात मोजलं असेल? मी यादीच्या फोटोंत आमच्या आळीतली सगळी घरं तपासली. त्या वयाचा दुसरा मुलगा नाही.

शाळेच्या रजिस्टरचा फोटो नितीनने नंतर पाठवला. त्यात दोघांची नावं घातली होती आणि दगडूवर काट मारली होती. आजोबांनी जाऊन सांगितलं असणार की मुलगा एकच आहे, आणि गुरुजींनी शाळेत 'दगडू' कशाला म्हणून तेच खोडलं असणार. हे मला पटतं. 'समक्ष' पटत नाही.

बाबांना यादी दाखवली. त्यांनी आयपॅडवर बोटांनी अक्षर मोठं केलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. दोघं होतो आम्ही."

"बाबा, तो तुमच्या जन्माआधीच गेला होता."

"असेल. पण मला ओढ्यापर्यंत हात धरून कोण न्यायचं?"

एवढंच बोलले आणि टीव्ही लावला. मी म्हटलं, वय झालंय, आठवणींची सरमिसळ होते. डॉक्टरांना विचारून घेऊ, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

व्हिसाला तीन आठवडे उरले तेव्हा शनिवारी सकाळी आम्ही सिटी लायब्ररीत गेलो. तिथे जेपी, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस बसतात, शपथपत्रावर फुकट सही-शिक्का देतात. शॉर्ट्स आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले एक आजोबा होते. "किया ओरा" हा इथला नमस्कार झाला, त्यांनी बाबांना पेन दिलं. बाबांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"ही सही मी करणार नाही."

"का?"

"एकच व्यक्ती असं लिहिलंय. तो वेगळा होता."

माझं डोकंच फिरलं. तिथेच, लायब्ररीत, मी आवाज चढवला. "बाबा, हट्ट सोडा! परत त्या फ्लॅटमध्ये जायचंय का? पुन्हा पडलात तर कोण उचलणार आहे? मी तिथून चोवीस तासांवर!" लोक बघायला लागले. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

जेपी आजोबांना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ते म्हणाले, "टेक युवर टाइम, मेट," आणि एक कोरा कागद पुढे केला.

बाबांनी त्यावर त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत लिहिलं, मधुकर माझा थोरला भाऊ. तो वारला. त्याचं नाव आणि जन्मतारीख शाळेत मला लावली गेली, ती मी आजवर वापरली. माझं जन्माचं नाव दगडू. खाली सही केली, 'दगडू', शाळकरी पोरासारखी, एकेक अक्षर दाबून. अॅडव्हायझरने कपाळावर हात मारला, पण बाबांनी दुसरा कागद दिलाच नाही, म्हणून तोच जोडला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "बाबा, इतकं काय त्या सहीचं?"

ते समोर बघत होते. "पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. मधुकर, म्हणाले. मी गप्प बसलो. मधुकर बाहेर चिंचेखाली उभा होता ना! मी तसं सांगितलं. छडी खाल्ली. पाच दिवस रोज तेच. सहाव्या दिवशी हात इतका सुजला होता... मी 'हजर' म्हणालो. बाहेर बघितलं, तो नव्हता. परत कधी आला नाही." मग म्हणाले, "मी त्याच्या जागी हजर म्हटलं गं. आता पुन्हा सही कशी करू?"

मी गाडी सुरू केली नाही. ऐंशीच्या घरातला माझा बाप सहा वर्षांच्या पोरासारखा हमसून रडत होता आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

याचं माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही. सहा वर्षांच्या एकट्या पोराने सोबती कल्पिला, हे मी समजू शकते. आजीने गेलेलं लेकरू मोजलं, हेही. पण त्या पोराचं नाव बाबांना कुणी सांगितलं? आणि परक्या गावातून आलेल्या, न पाहिलेल्या माणसापुढे 'समक्ष' न लिहिणाऱ्या गुरुजींनी आमच्या ओसरीवर कुणाला पाहिलं? नवऱ्याने हसून बघितलं, मग यादी पुन्हा वाचली.

रेसिडेन्सी मिळाली. आधी तात्पुरता इंटरिम व्हिसा, मग दोन वेळा प्रश्न विचारणारी पत्रं, शेवटी होकार. पासपोर्टवरचं नाव म्हणून पत्रावर 'मधुकर'च आहे, दगडू खाली बारीक अक्षरात. मी म्हटलं, "बाबा, नाव बदलून घ्यायचं का आता?"

"नको," म्हणाले. "मी घेतलं नव्हतं, मला दिलं गेलं, एवढं त्याला कळलं ना? बास. आता ते मला वापरू देईल तो."