कात्रींनी न वाचलेला परिच्छेद

छापखान्यात त्यांना सगळे ‘कात्री’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तीस वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासणाऱ्या माणसाला एवढंच टोपणनाव मिळालं हे नशीब. लेखकांनी मनातल्या मनात दिलेली नावं छापण्याजोगी नव्हती.

नवा लेखक समोर बसला की कात्री आधी पहिल्या परिच्छेदावर, न वाचताच, लाल रेघ ओढत. “हे घसा खाकरणं. सभेत चालतं, कागदावर नको. विशेषण म्हणजे पाहुणा. एक आला तर कौतुक, चार आले तर अंथरुणं पुरत नाहीत. आणि घरी जाऊन मोठ्यानं वाचा. दम लागेल तिथं वाक्य तोडा.”

सल्ला चोख होता. दहातल्या नऊ जणांना तो लागू पडे. दहावा दुसऱ्या छापखान्यात जाई.

दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीच्या पहिल्या कथेवरही तीच रेघ पडली. पाच पानांची कथा तीन पानांची होऊन तिच्या हातात परत गेली. पुढे ती नोकरीसाठी परगावी गेली आणि फोनवर फक्त आईशी बोलू लागली.

गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं, चक्क वडिलांच्या नावानं. कात्रींनी ते दुसऱ्या परिच्छेदापासून वाचलं. हाडीमासी खिळलेली सवय. पत्रात तिची खोली होती, कचेरी होती, शेजारणीची मांजर होती. कात्री सात दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडले. जेवता जेवता उठत, पेन्सिल शोधत, उत्तरातला एक शब्द खोडत, पुन्हा बसत. चपला घालून दारापर्यंत जात आणि माघारी येत. बुधवारी सकाळी एकदाचं उत्तर झालं.

“काय कळवताय?” बायकोनं विचारलं.

“पाच दुरुस्त्या. मांजर तीनदा आलीय. एकदा पुरे.”

“आणि पुस्तकाचं?”

“कसलं पुस्तक?”

“अहो, पत्राची सुरुवातच ती आहे! ‘आई, तू मध्ये बोलू नकोस’ असं फोनवर म्हणाली, म्हणून मी आठवडाभर ओठ शिवून बसलेय.”

कात्रींनी घडी उलगडली. ‘बाबा, माझं पुस्तक गुरुवारी छापायला जातंय. ते तुम्हाला अर्पण करावंसं वाटतं. चालणार असेल तर बुधवारपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही तर नको असं समजेन.’

चार वाक्यं, आणि विशेषण एकही नाही. तीस वर्षांत इतका स्वच्छ परिच्छेद त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. किंवा गेलाही असेल, रेघेखालून.

त्यांनी उभ्यानंच फोन लावला. एक पाय चपलेत, एक बाहेर.

“बाबा?”

“हो, मीच. म्हणजे त्याचं असं आहे, पत्र मिळालं, तिकडे हवा कशी काय, आईचे गुडघे आता जरा...”

“बाबा, पहिला परिच्छेद गाळा.”

बायको पदर तोंडाशी धरून हसत होती की काय, ते कात्रींनी पाहिलं नाही.

“चालेल,” ते म्हणाले. “अर्पण कर.” पण राहवेना. “फक्त माझ्या नावाआधी विशेषण नको.”

“एक लावलंय.”

“कुठलं?”

“छापून आल्यावर वाचा.”

“अगं, निदान एकदा मोठ्यानं वाचून...”

फोन बंद झाला होता. कात्री संध्याकाळपर्यंत लाल पेन्सिल घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.