हसवणारी कादंबरी

नातीनं चंद्रपूरहून आणलेल्या कादंबरीत पहिल्याच पानावर मरण. अंगणात मोहफुलं वाळत होती. त्या वासानं मला माझी धाकटी जाऊ आठवली.

त्या वर्षी ती नुकतीच विधवा झाली होती, धड जेवत नव्हती. मार्कंड्याच्या जत्रेत मी तिच्यासाठी हसवणारी कादंबरी मागितली.

"हसाचं पोराइले, बाई. मोठ्याइले हे," म्हणत त्या शहाण्या पुस्तकवाल्यानं रडकं पुस्तक दिलं.

मोहफुलं निवडताना मी ते जावेला वाचून दाखवलं. नायिका पानोपानी बेशुद्ध पडायची.

जाऊ म्हणाली, "हिले धानाच्या रोवण्यावर पाठवा ना, बाई. पडाले चिखल तरी नरम आहे."

मग ती हसत सुटली. संध्याकाळी पोटभर जेवली.

जत्रेत मी पुस्तकवाल्याला शिव्या घातल्या होत्या. मोठ्यांनी हसू नये असं खरं तर लिहिणारेच ठरवून बसलेत, अजूनही.

नातीचं पुस्तक मी मिटलं. जाऊ असती तर वाचलं असतं. असलं रडगाणं एकटीनं कशाला सोसायचं?