तोरण दिसलं की थांबणारी घोडी

घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेत मी उतरलो होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या पोटाकडे. तुमच्या डोळ्यांसमोर आता काय काय आलं असेल तेही मला माहीत आहे. पांढरी तंग पँट, गुडघ्यापर्यंत बूट, हिरवंगार मैदान, दुर्बिणी लावून बसलेल्या बायका. त्या सगळ्यांना घरी पाठवा. मी शाळेची खाकी हाफपँट घातली होती, पाय अनवाणी होते, आणि घोडी लग्नातली होती. म्हणजे तिचं लग्न नव्हतं. ती दुसऱ्यांच्या लग्नात नवरदेव वाहायची.

घोडी माझ्या मामाची. आम्ही नंदाखाल गावचे वाडीवाले, केळी-नारळात वाढलेले. मामा उमेळ्याचा, खाडीकडचा. पावसाळ्यात भात लावायचा, आणि तुळशीचं लग्न लागलं की घोडीला आंघोळ घालून, कपाळावर गोंडा बांधून धंद्याला काढायचा. पांढरी, जराशी पिवळट घोडी. मामा तिला नुसतं ‘बाय’ म्हणायचा. मामीलाही तो बायच म्हणायचा, त्यामुळे त्याने हाक मारली की दोघी माना वळवायच्या.

सुट्टीत मी उमेळ्याला पडीक असायचो. तेव्हा तिथं घरामागे वाडी, वाडीमागे शेतं, आणि शेतांच्या पार टोकाला खाडीचा खारट वारा. संध्याकाळी मामा मला घोडीवर बसवून बांधाबांधाने फिरवायचा आणि मी वरून नकला करायचो. हेडमास्तरांची, एस.टी.च्या कंडक्टरची, मासळीवालीची. मामाची नक्कल तर मला झोपेतसुद्धा यायची. त्याच्या घशात जरा खरखर होती. ‘चऽऽल बाय’ म्हणताना आधी एक खाकरा यायचा. तो खाकरा जमला की मामा जमला.

त्या वर्षी मात्र मामाचं हसू आटलं होतं. झालं असं, की वर्षानुवर्षं मांडवाच्या दारात थांबून थांबून घोडीला एक गोष्ट पक्की कळली होती. तोरण दिसलं की थांबायचं. मग बायका नवरदेवाला ओवाळणार, कोणीतरी नारळ ओवाळून फोडणार, त्यातलं खोबरं मामा आपल्याला भरवणार, आणि मगच पुढे जायचं. आदल्या सीझनला एका वरातीच्या वाटेत दुसऱ्याच कुणाचा तरी मांडव लागला. घोडी तिथंच थांबली. ओवाळणार कोण? ते लग्न आपलं नव्हेच! नवरदेव उतरून चालत गेला, मुहूर्त टळला, आणि ‘उमेळ्याची घोडी अडेल’ अशी बोंब पार चंदनसार गावापर्यंत पोचली. लोक फुलं लावलेली फियाट आणायला लागले. सीझन उघडला तरी मामाकडे एकही सुपारी नव्हती. माथेरानचा एक घोडेवाला मागे लागला होता, घोडी मला द्या म्हणून.

“दानापानी कुठून आनू?” मामा म्हणाला. “चंदनसारचे एक जण पोराच्या लग्नाला विचारून गेलेत. म्हनाले, आधी घोडी चालताना बघू. नाय जमलं तर माथेरानवाल्याला देऊन टाकतो.”

मामी चुलीपाशी होती. नुसती लाकडं पुढे सारत राहिली. मी हातातला घास ताटात ठेवला.

नेमका तेव्हाच गावातला एक जण फौजेतून सुट्टीवर आला होता. घोड्यांच्या तुकडीत होता म्हणे. त्याने दरवर्षी खेळ घेणाऱ्या गावच्या मंडळाच्या पोरांच्या डोक्यात भरवलं की पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा हे बायकी खेळ पुरे, आपण क्रॉस कंट्री घेऊ. शेतातून घोडे पळवायचे, वाटेत अडथळे, त्यांवरून उड्या. भात कापून झालं होतं, शेतं मोकळीच होती. दोन टांगेवाले तयार झाले.

“मामा, आपण पण उतरू,” मी म्हटलं. “चंदनसारवाल्यांना तिथंच बोलाव. घोडी उडी मारताना बघितली की चालण्याचं काय विचारतील?”

मामाने मला खालून वर न्याहाळलं. “पडलास तर तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा नाय मला.”

“नाही पडणार.”

“तुझं सोड रे. घोडी पडली तर?”

स्पर्धेच्या सकाळी आम्ही शेतावर पोचलो आणि मी बांधावरच थबकलो. फौजीने अडथळे साधेच ठेवले होते. केळीचे आडवे खांब, पाण्याचा पाट, बांबूची काठी, शेवटी पेंढ्याचा ढीग. पण मंडळाच्या पोरांना वाटलं, कार्यक्रम कसा शोभिवंत दिसला पाहिजे. त्यांनी प्रत्येक अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवले होते आणि वर आंब्याचे डहाळे, झेंडूची तोरणं बांधली होती. एकामागून एक चार मांडव!

मामाने कपाळावर हात मारला. “सोडा रे ती तोरनं!”

“काका, पोरं रात्रभर जागलीत,” फौजी म्हणाला. “राहू द्या.”

चंदनसारचे गृहस्थ आलेच होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हात मागे बांधलेले. पहिल्या अडथळ्यापाशीच उभे.

शिट्टी वाजली. टांग्याचे घोडे सुटले. आमची बाय वरातीच्या चालीने निघाली, एकेक पाऊल मोजून, कारण बँड नव्हता ना. मी तोंडाने बँड सुरू केला. आधी ढोल, मग क्लॅरिनेट नाकातून. जरा वेग आला. पोरं ओरडली, “नवरदेव आला रे, नवरदेव!”

पहिलं तोरण आलं आणि बाय थांबली. मी टाचा मारल्या, मानेवर थोपटलं, रडकुंडीला आलो. तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होती, तुझ्या सासरची माणसं आहेत कुठे?

“तीच ती अडेल घोडी,” कुणीतरी म्हणालं. चंदनसारवाल्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. मामा खाली मातीकडे बघत होता. तेवढं मला बघवेना.

मग मी लग्न लावलं! आधी वधूमाईच्या बारीक आवाजात, “अगो, निरांजन कुठे ठेवलंस? वारा लागतोय!” मग जाड्या आत्याच्या आवाजात, “कुंकू कपाळाला लाव गो, नाकाला नको! नवरदेव आहे, शेंदूर फासायचा दगड नव्हे!” मग मुलाच्या रुसलेल्या काकाच्या आवाजात, “आम्हाला पानसुपारी कोण विचारणार?” शेतभर लोक हसून वाकडे झाले. मी जीभ टाळ्याला लावून जोरात नारळ फोडला. टॉक्! घोडीचे कान ताठ झाले. मी खाकरलो, मामा झालो.

“चऽऽल बाय!”

आणि बाय उडाली. मी तिच्या मानेवर होतो, मग शेपटीजवळ होतो, मग कुठे होतो मला सांगता येणार नाही, पण केळीचे खांब मागे पडले होते आणि मी अजून वरच होतो.

दुसऱ्या तोरणाला वधूमाई आणि नारळ एवढ्यावर भागलं. तिसऱ्याला नुसता नारळ. पेंढ्याच्या ढिगावरून ती टॉक् ऐकल्याबरोबर गेली, मामाला बोलवायची गरजच पडली नाही. तोवर एक टांगेवाला केव्हाच पोचून विडी ओढत बसला होता. दुसऱ्याचा घोडा मध्येच वळून स्टेशनच्या टांगा-स्टँडकडे निघून गेला होता. म्हणजे आमचा दुसरा नंबर. मी अजूनही सांगताना तेवढंच सांगतो.

उतरलो तेव्हा मांड्या सोलवटल्या होत्या. मामाने घोडीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. चंदनसारवाले जवळ आले. “थांबते, पण जाते,” म्हणाले. “सुपारी घ्या.”

ते ऊन, ती कापलेल्या भाताची बोचरी खुंटं, पेंढ्याचा वास... तिथं आता इमारती आहेत. खालच्या दुकानांच्या उद्घाटनाला तोरणं लागतात. मी पुढून जाताना क्षणभर थांबतो, आणि कुणी ओवाळत नाही म्हणून पुढे जातो.

तर चंदनसारचं लग्न. बँड झकास होता, नवरदेव जरा घाबरट, मी मिरवत घोडीच्या बाजूने. मांडवाच्या दारात बाय शहाण्यासारखी थांबली. मामाने माझ्याकडे बघून डोळा मारला. बायकांनी ओवाळलं. मग मुलीच्या काकाने नारळ दगडावर आपटला.

टॉक्!

बायने रांगोळी, पाट, निरांजन सगळं एका उडीत ओलांडलं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नवरदेव तिच्या गळ्याला मिठी मारून, मुंडावळ्या तोंडात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यांत आधी नवरीच हसली. ती हसली म्हटल्यावर मांडवच हसला. चंदनसारवाल्यांनी आधी डोळे वटारले, पण मग तेही मटकन खाली बसून हसले. जेवणं उठायच्या आत दोन जण मामाला पुढच्या तारखा विचारून गेले. माथेरानवाल्याचा निरोप मामाने परत पाठवला.

मी म्हटलं, आता मामा पाठ थोपटणार. त्याने मला कान धरून मांडवामागे नेलं, जिलेबीच्या कढईपाशी, आचाऱ्यांसमोर.

“दात काढतोस? कोनी शिकवलं तिला हे? मी? मी दहा वर्सं तिला उभं राहायला शिकवलं, आनि तू एका सकाळी सगळं मातीत घातलंस! नवरदेवाची मान मोडली असती तर त्याच्या जागी तुला बोहल्यावर चढवला असता का? उद्यापासून रोज पहाटे तोरन बांधायचं, खरा नारळ फोडायचा, आनि ती जागची हलली नाय की मगच खोबरं द्यायचं. तोंडानं नारळ फोडशील तर दात फोडीन! आनि नारळ तुझ्या बापाच्या वाडीतले आनायचे, माझ्या घरातला एक नाय मिळनार. काय बघतोस? आनि माझा आवाज काढलास ना परत, तर बघ!”

“नाही काढणार,” मी म्हटलं. नेमका त्याच वेळी मला खाकरा आला, आणि दुसऱ्या कानालाही तोच हात लागला.