बाटलीवरचा हात

गेल्या मंगळवारी सकाळी, अठराशे रुपयांच्या बाटलीसमोर आम्ही तिघे हजर होतो: मी, माझे ब्याऐंशी वर्षांचे वडील आणि आमच्या आळीतला औषधवाला. अप्पांना रात्री झोप लागत नाही, म्हणून त्यांना भांगेच्या पानांचं तेल हवं होतं.

या औषधवाल्याची एक खोड आहे. बाटली काउंटरवर ठेवतो, पण प्रश्न संपेपर्यंत तिच्यावरचा हात काढत नाही.

"अप्पा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

"अरे, आपलं शरीरसुद्धा भांगेसारखं काहीतरी बनवतं. व्हिडिओत पाहिलंय मी!"

"मग घरचा कारखाना असताना बाहेरचा माल कशाला? दुपारी किती झोपता?"

"जरा पाठ टेकतो."

"अडीच तास," मी खरा आकडा सांगितला.

बाटली परत कपाटात गेली.

"मेल्या, दुकान चालवतोस की शाळा?" अप्पा कडाडले.

त्या दुपारी ते त्याला शिव्या घालत रागाने जागेच राहिले आणि रात्री साडेनऊला घोरू लागले.

सकाळी त्यांचा घसा बसला होता. मी त्याच दुकानात जाऊन खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. पुडीवर हात ठेवून त्याने विचारलं, "झोपले?"

"झोपले."

हात निघाला. मी त्याला दहा रुपये दिले.